तांबड्या रंगाखालचे सात

“ही सात माणसं तुम्ही दुसऱ्यांदा पुसलीत,” यशोधरा म्हणाली, आणि सहा फुटी छापाची गुंडाळी तिनं साहेबांच्या टेबलावर सरळ उलगडली. चहाचा कप लवंडायच्या आत साहेबांनी उचलून धरला.

छाप त्यांच्याच कार्यालयानं नमुना म्हणून काढला होता. वाचनालयाची कोनशिला बसवताना, एप्रिल १९४१. मधोमध देणगीदार बापूसाहेब, हातात चांदीची थापी. दोन्ही बाजूंना गावातले वजनदार लोक. उजवीकडे मात्र अर्धवट चढलेली भिंत एकाएकी संपत होती, आणि तिथून चौकटीपर्यंत नुसतं पांढरं. धुकं पडल्यासारखं. एप्रिलात, जबलपुरात.

“काचेच्या मूळ निगेटिव्हवर तिथं तांबडा रंग फासलाय. त्यातून उजेड जात नाही, म्हणून छापात जागा कोरी राहते. रंगाखाली माणसं आहेत, साहेब.”

“वो तो स्टुडिओवाल्यांनी तेव्हाच लावला ना, मॅडम.” साहेब शांत होते. “ओरिजिनल आहे. आणि ओरिजिनल रंगाला हात लावायचा नाही हा नियम काय मी केला? तुम्हीच लिहिला. पान चार.”

नियम तिचाच होता. ओमती भागातल्या बंद पडलेल्या त्या स्टुडिओच्या नऊशे काचा या संग्रहालयात आल्या, तेव्हा ओल्या फडक्यानं साफ करायला निघालेल्या हातांतून तिनं त्या याच नियमाच्या जोरावर वाचवल्या होत्या.

“सोमवारी प्रदर्शनाचं उद्घाटन. फाइल तुमच्या सहीनं छपाईला जाते. भेज दीजिए,” साहेब म्हणाले आणि कपात फुंकर मारली.

तिनं छाप गुंडाळला. रबर लावताना ते तुटलं. दुसरं तिनं मागितलं नाही.

खोलीत येऊन तिनं काच पुन्हा पाकिटातून काढली. पहिल्या वेळेसारखीच, रंगाच्या बाजूनं नाही, उलट्या, काचेच्या बाजूनं खिडकीपाशी तिरकी धरली. गडद रंगाची पाठ मिळाल्यानं त्यावर फिकट, राखेसारखी माणसं उमटलेली दिसली. चार गवंडी. तीन बाया, डोक्यावर घमेली. ज्या वाचनालयाच्या भिंती त्यांनी चढवल्या, त्यात पुढची कित्येक वर्षं त्यांच्या जातीच्या माणसाला पाय ठेवू दिला नव्हता. बापूसाहेबांच्या पंगतीला ती फोटोत तरी कशी चालतील?

मग तिनं काच फिरवून रंगाच्या बाजूनं भिंग लावलं, आणि थांबली.

सगळ्यात कडेच्या बाईभोवती, रंगाच्या बाहेर, केसाएवढी चमक होती. रोगण, पारदर्शक व्हार्निश. रंग देण्याआधी कुणीतरी तेवढ्याच बाईवर रोगणाचा हात फिरवला होता. बाकी सहा जणांवर रंग थेट चित्राच्या थरात मुरला होता. तो काढायला गेलं तर माणसंही निघून येतील. ही बाई मात्र ओल्या कापसानं अर्ध्या तासात मोकळी झाली असती. जो रंग कधीतरी काढायचा असतो, त्याच्याखालीच कारागीर रोगण देतो.

पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: रिटचिंग, अंबादास.

शोध घेतल्यावर अंबादासची मुलगी गावातच, चेरीताल भागात सापडली. मालनबाई, वय सत्त्याऐंशी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दुसऱ्या दिवशी ऑटोतून उतरल्या त्या चालकाला गाडी कशी चालवावी हे ऐकवतच.

“जय भीम, आजी.”

“जय भीम. जिना आहे म्हणून काहून नाई सांगितलं? गुडघे घरी ठेवून आली असती.”

यशोधरानं त्यांना खुर्ची दिली आणि काच खिडकीशी धरली. मालनबाईंनी चष्मा कपाळावर सारला, नाक काचेपर्यंत नेलं. कडेच्या बाईशी त्यांचं बोट थांबलं, काचेला न लागता.

“माय आहे माही. सुभद्रा. थे पाह्य, एक खांदा खाली. उमरभर तशीच चालली.” मग म्हणाल्या, “बापानंच पुसली न तिले?”

“स्टुडिओच्या मालकानं सांगितलं असेल, आजी.”

“मालकानं सांगितलंच असन. पण हात त बापाचाच होता.”

यशोधरानं रोगणाचं सांगितलं. भिंगातून दाखवलं. कारागिराचाच तसा इरादा होता, हे लेखी मांडलं तर नियमाला अपवाद करता येईल. सुभद्राबाई सोमवारच्या आधी बाहेर येतील. सांगताना तिचाच आवाज हलका झाला होता. एक तरी.

“आन् बाकीचे?”

“ते नाही निघत. काढायला गेलं तर पुसले जातील.”

मालनबाईंनी चष्मा पदरानं पुसून डोळ्यांवर लावला. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही सुरू होत नव्हती.

“म्हणजे बापानं चोरून आपलीच बायको तेवढी वाचोली,” त्या म्हणाल्या. “बाकीचे सहा काय बिनमायबापाचे होते?”

“आजी, त्यांच्या हातात...”

“समजते मले त्याच्या हातात काय होतं. चाळीस साल ड्यूटी केली मीनं, वार्डात आपला मानूस पायला का त्याची खाट पहिले लावाव वाटते. वाटते बाई. म्हणून लावाची नसते.” त्या उठल्या. “माह्या मायले एकटीले नको काढू. थे त्या सहा जणांसंग उभी आहे. रंगात त रंगात.”

त्यांना खाली पोचवून यशोधरा वर आली. टेबलावर पान चार तसंच उघडं होतं. तिनं ते पुन्हा वाचलं, या वेळी वैऱ्यासारखं नाही. मूळ रंगाला हात लावू नये. लपवावा, असं त्यात कुठंही नव्हतं. तिनं कॅमेरा बाहेर काढला.

सोमवारी दालनाच्या मुख्य भिंतीवरचा पडदा सरला, तेव्हा टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. भिंतीवर आधीचा छाप नव्हता. खुद्द त्या काचेचा फोटो होता, जशाच्या तसा, सहा फुटी, रंगीत. काचेच्या बाजूनं, तिरक्या उजेडात घेतलेला. निगेटिव्हमुळे बापूसाहेबांचा चेहरा काळा, मिशा पांढऱ्या. आणि धुक्याच्या जागी रक्तासारखा तांबडा पट्टा. त्यात उभी सात माणसं, तिघींच्या डोक्यावर घमेली.

साहेब पाहुण्यांमधून वाट काढत आले. “ये क्या है, मॅडम?”

“रंगाला हात लावलेला नाही. पान चार,” यशोधरा म्हणाली. “खाली सही आहे माझी.”

“उद्यापासून तुम्ही...”

“उद्याचं उद्या पाहा,” मालनबाई मधे आल्या. पांढऱ्याशुभ्र साडीत, काठी टेकत. त्यांनी काठी उचलून तांबड्या पट्ट्याकडे केली, तसे दोन पाहुणे आपसूक बाजूला झाले. “साहेब, हे सात जण आधी बापूसाहेबाच्या लोकांनी पुसले. तवा त इंग्रज होते, राजे होते, काय काय होतं. आता कोण होतं? तुमी काहून पुसले?”

साहेबांनी यशोधराकडे पाहिलं.

“तिच्याकडे नका पाहू. मी विचारून राहिली. सांगा.”