फाटकावरची पाटी

पेंटरकाकांनी 'एकट्याने'ची मात्रा ओढली आणि ब्रश फडक्याला पुसला. पाटीचा मजकूर नदीसफाई चालवणाऱ्या मॅडमनी कागदावर लिहून दिला होता : 'एकट्याने पाण्यात उतरू नये.' जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला हे म्हणजे डाव्या हातचा मळ.

पलीकडे बाकीची मंडळी शेवटची पोती टेम्पोत टाकत होती. दोन वर्षं दर रविवारी नदीतून टायर, गाद्या, मोडक्या सायकली निघाल्या. एकदा तर अख्खा कमोड. आता काठाला पायवाट होती, बाकं होती, फाटक होतं. काढायला काही म्हणता काही उरलं नव्हतं.

"सुटलो बाई एकदाचे!" शिवणकामवाल्या मावशी हातमोजे ओढून काढत म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी दहापर्यंत लोळणार."

"लोळा की. पण स्वप्नात कमोड येईल हं," टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला.

सगळे हसले. पेंटरकाकाही हसले, जरा उशिरा. पुढचा रविवार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता : एक कप, एक खुर्ची, भिंतीपलीकडून ऐकू येणारा शेजाऱ्यांचा टीव्ही. आठवड्याचे सहा दिवस असेच जायचे, पण ते रविवारच्या भरवशावर. त्यांनी ब्रश बुडवला आणि पुढची अक्षरं भराभर काढली.

"काका, हे काय?" मॅडम पाटीपाशी थबकल्या.

ड्रायव्हरनं मोठ्यानं वाचलं, "एकट्याने येऊ नये. अहो, ही बाग आहे की भुताचा माळ?"

काकांचे कान तापले. "नजरचूक झाली. वाळू दे आता. पुढच्या रविवारी येऊन दुरुस्त करतो."

ओला रंग टर्पेंटाइनचा एक हात मारला की निघतो. फडकं त्यांच्या मुठीतच होतं. त्यांनी ते हळूच खिशात कोंबलं.

पुढच्या रविवारी ते सकाळीच रंगाचा डबा घेऊन आले. माणसं जोडीजोडीनं, घोळक्यानं आत जात होती. पाटीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. फाटकाबाहेर मावशी उभ्या होत्या. पायांत चिखलाचे बूट नव्हते, चांगल्या चपला होत्या.

"लोळायचं होतं ना?"

"लोळले की. पाचपासून टक्क डोळे उघडे ठेवून."

"मग आत का नाही गेलात?"

मावशींनी हनुवटीनं पाटी दाखवली. "वाचता येतं मला."

काकांनी डबा खाली ठेवला. झाकणाला हात लावला आणि तसाच राहू दिला.

"घट्ट बसलंय झाकण," ते म्हणाले. "आज काही उघडत नाही."

मावशींनी वाकून पाहिलं. झाकण डब्यावर नुसतं टेकवलेलं होतं, तिरकं.

"बसलं असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फाटक ढकललं.