तिसरा ताव

"उलटा घासतोयस तू," दादा म्हणाला.

"सायलेन्सरला उलटं-सुलटं काय असतं?"

"असतं. लांबीत घास. आडवा घासलास की रंगातून ओरखडे वर येतात. आणि पॉलिश पेपर ओला कर. किती वेळा सांगायचं?"

सकाळपासून निदान सतरा वेळा सांगून झालं होतं. विम्याच्या ऑफिसात आयुष्यभर कागद टाइप केलेला मी माणूस. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात माझ्या नखांत गंज शिरला होता. दादा समोर स्टुलावर बसून मला अक्कल शिकवत होता. त्याचा डावा हात उजव्या हाताखाली दाबलेला होता. दाबला नाही, तर तो थरथरायचा.

दादा पाणीपुरवठ्यातला पंप मेकॅनिक. पस्तीस वर्षं शहराच्या टाक्या त्याच्या जिवावर भरल्या. आपल्या पंपाला दुसऱ्यानं पाना लावलेला त्याला खपत नसे, आणि आता स्वतःच्याच मोटरसायकलचे सायलेन्सर धाकट्या भावाकडून घासून घ्यायची पाळी आली होती. त्याचा राग तो कुणावर काढणार? मी होतोच हाताशी.

गाडी विकली गेली होती. रविवारी सकाळी एक नर्सबाई ती न्यायला येणार होत्या. दोन्ही सायलेन्सरवरचा गंज त्यांनी पाहिला होता आणि "चालेल" म्हणाल्या होत्या. दादाला चालत नव्हतं. गंजलेली गाडी मी कुणाच्या दारात पाठवणार नाही, म्हणाला, आणि आठ दिवस माझी पाठ धरली.

विकायचा निर्णय वहिनींचा. दोन महिन्यांपूर्वी एका वळणावर दादाची बोटं क्लचवर वेळेत मिटली नाहीत. गाडी उसळून भिंतीवर गेली आणि मागे बसलेल्या वहिनींचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी त्यांनी किल्ली आपल्या औषधांच्या डब्यात टाकली.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "रंगरंगोटी काय हवी ती करा. पण ह्यांनी गाडी चालवली, तर मी तुम्हाला जाब विचारीन."

मी शब्द दिला होता.

शुक्रवारी रंग मारला. भट्टीच्या उष्णतेतही टिकणारा काळा रंग, स्प्रेच्या डब्यातला. आधी थिनरनं पुसायचं, मग लांबून हलका हात, मग वाळेपर्यंत थांबायचं. मला थांबणं जमलं नाही. पहिला हात ओला असतानाच मी दुसरा मारला आणि सगळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या.

"खरवड," दादा म्हणाला.

"सगळं?"

"नाही, अर्धं. नर्सबाईंना सांगू, एका बाजूनंच बघा म्हणून."

पुन्हा ऐंशी नंबरचा खरखरीत पेपर, पुन्हा चारशेचा बारीक, पुन्हा रंग. शनिवारी दुपारी एकदाचे दोन्ही सायलेन्सर गाडीवर चढले. वहिनींनी डबा उघडून किल्ली दिली आणि त्या खिडकीत उभ्या राहिल्या. हा रंग नुसता वाळून भागत नाही, त्याला इंजिन चालवून तीन ताव द्यावे लागतात. दहा मिनिटांचा पहिला, वीसचा दुसरा, अर्ध्या तासाचा तिसरा, आणि मध्ये गाडी पूर्ण थंड.

मी किक मारली. दहा मारल्या, वीस मारल्या. गाडी ढिम्म. दादा माझ्या पायाला नावं ठेवू लागला, मी त्याच्या गाडीला.

"बोळे काढलेस का?" त्यानं अचानक विचारलं.

रंग आत जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात मी माझ्या जुन्या बनियनचे बोळे कोंबले होते. ते तिथेच होते. खिडकीत वहिनी पोट धरून हसत होत्या. दादा हसला नाही. त्यानं नुसता आकाशाकडे बघून मोठा श्वास सोडला, आणि त्या श्वासाचा मला शिवीपेक्षा जास्त राग आला.

दोन ताव झाले. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

"तिसरा ताव रस्त्यावर," दादा म्हणाला. "चालत्या गाडीवर. वाऱ्याशिवाय हा रंग धरत नाही."

"रंगवाला म्हणाला, स्टँडवरच ठेवा, समोर टेबलफॅन लावा."

"त्यानं आयुष्यात सायलेन्सर रंगवलाय का? तो डबे विकतो."

माझा ताबा सुटला. "आठ दिवस! आठ दिवस माझा जीव काढलास तो ह्याच्यासाठी? गंजाचं निमित्त करून?"

दादानं डावा हात मोकळा सोडला. तो मांडीवर थरथरत राहिला.

"एकदा चालवायची होती रे," तो म्हणाला. "उद्या नेतील ती."

चिडलेलं माणूस एकदम चिडायचं थांबतं, तेव्हा त्याला हात कुठे ठेवावेत ते सुचत नाही. मी खिडकीकडे पाहिलं. वहिनी हसत नव्हत्या.

"बस," मी म्हणालो. "पण गाडी स्टँडवरच राहील. क्लच दाबून दाखव. पुरता, तीन वेळा. दाखवलास तर किल्ली तुझी. वहिनींचं मी बघतो."

तो चढला. त्यानं पाठ ताठ केली, हँडल धरलं. पहिल्यांदा क्लच पुरता दाबला गेला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडला. तिसऱ्यांदा बोटं दांडीवर नुसती पडून राहिली. दादा बराच वेळ बोटांकडे बघत होता, एखादा नादुरुस्त पंप बघावा तसा. मी म्हणणार होतो, पुन्हा बघ, घाई नाही. पण त्याच्या आधी तो स्वतःच सीटवरून मागे सरकला.

चाळीस वर्षांत त्याला स्वतःच्या गाडीवर मागे बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"हो पुढं," तो म्हणाला. "आणि पहिला गिअर हळू टाक, नाहीतर ती झटका देते."

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी दादाच्या डोक्यावर हेल्मेट घातलं आणि त्याच्या हनुवटीखाली पट्टा लावून दिला.

वस्ती मागे पडेपर्यंत तो शिकवतच होता. हळू. आता वाढव. आवाज ऐक, ती गिअर मागतेय, ऐकू येत नाही का तुला? मीही ओरडून उत्तरं देत होतो. मग मोकळा रस्ता आला आणि तो गप्प झाला. त्याचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. गाडी इतकी हादरत होती की त्यातली थरथर गाडीची किती आणि दादाची किती, मला सांगता आलं नसतं.

"झाला का अर्धा तास?" त्यानं मागून विचारलं.

चाळीस मिनिटं होऊन गेली होती. घड्याळ त्याच्याही मनगटावर होतं.

"नाही," मी म्हणालो. "दहा मिनिटं आहेत अजून."

"मग वळवू नकोस," दादा म्हणाला. "सरळ घे."