लाकडी बैलांच्या शेडचा विमा

आमच्या बुढ्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं डोमाजीनं, चाळीस वर्षं लाकडाचे बैल केले, पण एक बी विकला नाही. तान्ह्या पोळ्याला गावातली लेकरं चाकाचे बैल ओढत निघतात, त्यातले निम्मे त्याच्या हातचे. जातीचा सुतार नव्हता तो. कापूस पिकवणारा माणूस, ही त्याची हौस. लोक हसायचे. मी पण हसायची, पण दुसरं कोणी हसलं की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

गावाबाहेर बोथच्या रस्त्याला आमचा जमिनीचा तुकडा आहे. तिथं घर नाही, फक्त टिनाचं शेड. आत रंधा, पटाशा, करवती, भोकं पाडायचं गिरमिट. दाराला कधी कुलूप नव्हतं. बैलाचं चाक तुटलं की लेकरानं जावं आणि टोपल्यातलं दुसरं घ्यावं, ही रीत डोमाजीनंच घातली होती.

मागच्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागला. खाटेवर पडून एकच घोकणं, "माह्या हत्यारांले कोण पाह्यते व बयना? कोणी नेले तं?"

"तुमचा गंजका रंधा न्याले चोर काय हैदराबादहून येईन?"

बोलायला बोलले, पण दोन दिवस तो धड जेवला नाही. तेव्हा आदिलाबादहून विम्यावाल्या अमरला बोलावलं. त्यानं खाटेजवळ बसून फॉर्म काढला.

"मावशी, घर नंबर?"

"तिथं घर नाही."

"मंग दुकान?"

"दुकान असतं तं मी गल्ल्यावर बसली असती, तुह्यासमोर कायले?"

"घर नाही, दुकान नाही, कोणी राहत नाही. कंपनी विचारन, हे हाय तरी काय? दुकानच लिहू का? सोपं पडते."

"खबरदार! माह्या माणसानं बैल विकले असं लिहिशीन, तं तो कागद तुलेच गिळाले लावीन."

शेवटी त्यानं कंपनीला फोन करून करून एक विमा शोधला, हौसेच्या अवजारांचा. अट अशी की दाराला पक्कं कुलूप पाहिजे, आणि हरेक हत्याराचा फोटो आणि किंमत. फोटो निघाले. किंमत विचारली की डोमाजी नातं सांगायचा.

"हा रंधा माह्या सासऱ्यानं देल्ला."

"किंमत सांगा ना, काका."

"त्यानं पोरगी बी देल्ली होती. तिची किती लिहितं?"

मी पदर तोंडाला लावला. लकव्यानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

कुलूप मीच बोथहून आणलं. दोन किल्ल्या होत्या, दोन्ही कमरेला खोवल्या. सून शीतल म्हणाली, "आत्याबाई, एक घरी राहू द्या ना. बाबांले लागली तं?"

"त्याईले कायले लागते? खाटेवरून उठनं होत नाही. अन् तुले तं घरात मिठाचा डबा सापडत नाही, किल्ली काय सापडन?"

घरातली किल्ली म्हणजे माझी कमर. या गोष्टीचा मला लई तोरा होता.

पोळ्याला आठ दिवस राहिले होते. डोमाजीच्या बदल्यात सही करायला कंपनीनं मला आदिलाबादला बोलावलं. साहेबानं यादी वाचली, जमिनीचा कागद पाहिला आणि तेलुगूत विचारलं, "इल्लू लेदा?" घर नाही का, असं.

"घर नाही," मी म्हणाले, "पण मालक हाय." आणि एकेक अक्षर जोडून मोठ्या डौलात सही केली.

त्या वेळी मालक शेडच्या दाराशी बसला होता.

खाटेवर पडल्या पडल्या त्यानं डाव्या हातानं, विळ्यानं, एक चाक गोल केलं होतं. मला वाटायचं, लाकूड सोलत बसला, बरं आहे, वेळ जातो. त्या दिवशी शीतल निंदायला गेली आणि तो काठी घेऊन निघाला. चाकाला भोक पाडायचं होतं, गिरमिट शेडमध्ये. पोचला तर दाराला कुलूप.

शेतातून बैल घेऊन जाणाऱ्या गावातल्या दादाजीनं त्याला पाहिलं. ऊन मरणाचं होतं. "चला काका, घरी सोडतो," तो म्हणाला.

"नको. बयना येते. किल्ली तिच्यापाशी हाय."

दुपारच्या बसनं येणार होते मी. अमरनं चहा पाजला, मी बाजारात बांगड्या पाहत बसले, बस चुकली. संध्याकाळी उतरले तर शेडपाशी माणसं जमलेली. तो दाराला टेकून बसलेला तसाच होता. कमरेला हात घातला, तर किल्ल्या वाजल्या.

तान्हा पोळा आमच्या सुतकात आला. लेकरं दारावर आली नाहीत. मीच जाऊन कुलूप काढलं, चाकांचं टोपलं रस्त्यावर ठेवलं आणि घरी आले. दोन्ही किल्ल्या शीतलच्या हातात दिल्या. तिनं त्या मिठाच्या डब्याजवळ ठेवल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

तेरवीनंतर अमर विम्याचा कागद घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, नाव बदलावं लागन. अन् कुलूप लावलं हाय ना? नाही तं काही भेटणार नाही."

"कुलूप नाही."

"मंग चोरी झाली तं?"

"होऊ दे."

तो कागद ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. त्याच्या मांडीवर सापडलेलं चाक बरोबर घेतलं होतं. पाटावर ठेवलं, गिरमिटाचं टोक मधोमध टेकवलं आणि दोन वेढे फिरवले. लाकूड करकरलं. मला ते काम येत नाही, चाळीस वर्षांत कधी पाहिलंच नाही नीट. फुटेल म्हणून हात काढून घेतला.

चाक तसंच आहे, भोकाशिवाय. गिरमिटही त्याच्या खुंटीवर आहे. अजून कोणी नेलं नाही.