आखाजीचा मुऱ्हाळी

"तिले येवानं नही. तिले आठेच गमस."

तिला यायचं नाही, तिला इथंच करमतं. ओट्यावरून आलेले सासूचे ते शब्द मंजुळाच्या कानात पंचवीस वर्षं तसेच होते. मानमोडीच्या साथीनंतरची ती पहिली आखाजी, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा अक्षय तृतीयेचा सण. मंजुळा चौदाची, दाराआड उभी, हातात पाण्याचा तांब्या. बाहेर तिचा भाऊ कौतिक, बहिणीला सणाला न्यायला आलेला मुऱ्हाळी. पारोळ्याकडच्या त्या घरात नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नसे, अन् बहिणीच्या नावानं एकदा नाही आलं की भावानं पुन्हा विचारायचं नसे. कौतिक पाणी न पिताच उठला.

पंधरा दिवसांनी माय गेली. दहाव्याला सासू, भागाबाई, पदरासारखी सोबत होती. कौतिक तोंड फिरवून एवढंच बोलला, की माय झोक्याखाली खाट टाकून वाट बघत होती. मंजुळा तेव्हाही गप्प राहिली. पुन्हा तिच्या दारी मुऱ्हाळी आला नाही. दर आखाजीला गल्लीतल्या माहेरवाशिणी लिंबाखाली गात,

झोका जास उंच, दिसस माहेरनी वाट
भाऊनी गाडी उनी, माय, सोड मना हात

आणि मंजुळा जातं जोरात फिरवी.

पोरं झाली, नवरा गेला, किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. भागाबाईचं एक अंग लुळं पडलं, वाचा गेली. मंजुळानं तिला न्हाऊमाखू घातलं, घास भरवले. सून असावी तर अशी, असं गाव म्हणे. स्वतःच्या सुनेला, बेबाला, तिनं एकाही आखाजीला अडवलं नाही. सांजोऱ्या बांधून धाडी, अन् मग सासूच्या खाटेशी येऊन बसे. वाट बघे.

यंदा गाडी आली. भागाबाईचा धाकटा भाऊ उखर्डूमामा उतरला. गाडीत कडबा, वर गोधडी अंथरलेली.

"अक्काले घर लई जास, पोरी. पुढली आखाजी कोनी देखी? भिऊ नको, बैल मनापेक्षा तरना शेतस."

आत भागाबाईचा धड हात खाटेच्या लाकडावर वाजू लागला.

मंजुळानं मामाला पाणी दिलं. ते पिऊन होईतो थांबली. मग पदर सारखा करून म्हणाली, "तिले येवानं नही, मामा. तिले आठेच गमस."

म्हातारा दाराकडे बघत राहिला. "मंग ते काय वाजस?"

"हात हालस तिना. आपोआप."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. भावानं विचारायचं नसतं.

मंजुळा आत गेली. भागाबाईचे डोळे दारावर, ओठ हलत होते, नुसती लाळ गळत होती. मंजुळानं ती पदरानं हळुवार पुसली. घुंगरं लिंबापाशी वाजली, वेशीपाशी वाजली, मग वाजेनाशी झाली.

जे भावाला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, जात्यालाही नाही, ते तिनं वाकून सासूच्या कानात सांगितलं.

"आत्याबाई, माले जावानं व्हतं."