दिवाणखान्यातला शेषेराव

निलंग्याच्या अमृतरावांनी इटलीच्या सहलीहून चित्रांचं एक जाड पुस्तक आणलं आणि बिलाल पेंटरच्या पुढ्यात टाकलं. नव्या बंगल्याचा दिवाणखाना असा दिसला पाहिजे, म्हणाले. लातूरच्या बिलालनं आजवर छताला ढग आणि भिंतीला मोर काढले होते. पंधरा दिवस तो पानं उलटत बसला. एका राणीच्या झग्यावरची डाळिंबं त्यानं पडद्यांच्या मखमलीवर उतरवली. एका संताच्या अंगरख्याचा निळा छताला दिला. हात असा कधी चालला नव्हता.

एक भिंत उरली तेव्हा अमृतराव म्हणाले, "गाईड सांगत होता, पूर्वी तिकडं गद्दाराचं चित्र चौकात काढायचे. एका पायानं उलटा टांगलेला. हितं आपला शेषेराव टांग."

शेषेराव त्यांचा चुलतभाऊ. बांधावरून दोघांनी दोनदा एकमेकांची डोकी फोडली होती.

"मालक, हातावर पोट हाय माझं."

"मी हाय ना."

भिंत मोठी होती, उजेड चांगला होता. बिलालनं मान डोलावली. शेषेरावचं हसरं तोंड त्यानं चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवरून घेतलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दुपारी अमृतरावांनी चित्राचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात शेषेराव दोन माणसं घेऊन आत शिरला. हातात घण होता.

"कुणी काढलं?"

सोफ्यावरून अमृतरावांनी बोट केलं. "ह्यानं. तोंड बी ह्यानंच निवडलं."

दोघांनी बिलालला रंगकामाच्या घोडीवरून खाली ओढलं. त्याचं डोकं फरशीवर आदळलं. मग त्याचा उजवा हात खिडकीच्या दगडी कट्ट्यावर दाबून धरला.

"उलटा लटकून हसायलोय व्हय रे मी?" शेषेरावनं घण उचलला.

"भाऊ, हात मोडला तर उद्या पाव्हणे तुम्हालाच टांगलेलं बघतील."

"वरून चुना फासतो की."

"मग म्हणतील, शेषेरावला लाज वाटली." बिलालच्या तोंडात रक्त आलं होतं. "तोंड बदलून देतो. तासाभराचं काम हाय."

"कुणाचं लावतोस?"

बिलालनं सोफ्याकडं पाहिलं.

अमृतरावांनी पितळी फुलदाणी उचलून शेषेरावच्या कानशिलात हाणली. कान फाटला. पुढचं फार वेळ चाललं नाही. शेषेरावनं त्यांना केसाला धरून फरशीवर आपटलं, मग माणसांनी लाथा घातल्या. एक दात भिंतीपर्यंत गेला.

"काढ," शेषेराव म्हणाला आणि डाळिंबाचा पडदा ओढून कानाला लावला.

बिलालनं काढलं. सुजलेला डोळा, फाटलेला ओठ, नाकातून कपाळाकडं उतरणारी धार. ह्या वेळी बॅनरची गरज नव्हती. हात थरथरला नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

शेषेरावनं चित्र बराच वेळ पाहिलं. "जा," तो म्हणाला.

बिलाल दाराशी जात असताना अमृतरावांनी पडल्यापडल्या त्याचा घोटा धरला. "बिलाल, मी उठल्यावर तुझा हात न्हाई ऱ्हायचा."

बिलाल थांबला. त्यानं दुसरा पाय त्यांच्या बोटांवर ठेवला, सगळा भार दिला, आणि पकड सुटेपर्यंत उचलला नाही.