राखणदाराकडे ठेवलेला नारळ

मांजर आडवं गेलं म्हणून कृष्णनाथ सरांनी आयुष्यात कधी स्कूटर थांबवली नव्हती. विज्ञान शिकवलेला माणूस तो. ग्रहण लागलं की मुद्दाम अंगणात उभा राहून चहा प्यायचा, शेजाऱ्यांना दिसेल असा. तोच माणूस गुरुवारी दुपारी पंख्याखाली बसून घामाने डबडबला.

झालं होतं ते एवढंच. शिपाई शिवदास फायली घेऊन आला, त्या टेबलावर ठेवल्या आणि तिथेच घुटमळला. मग दार लोटून घेत हळूच म्हणाला, "सर, राखणदाराक कोणीतरी नारळ ठेवलोहा. घाडी म्हणता, तुमच्या पगाराची गजाल आसा. कोणी ठेवलो तां मात्र तो सांगणा ना."

राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवर, जुन्या खाणीच्या वाटेला बसलेला देव. गावावर त्याची नजर असते असं लोक मानतात. नवस बोलायला माणसं देवळात जातात. वेशीवर नारळ घेऊन जायचं ते बहुतेक कुणाचं तरी गाऱ्हाणं सांगायला. देवाचा मानकरी असलेला घाडी ते देवाच्या कानावर घालतो आणि नारळ तिथेच राहतो. पुढे ज्याच्यावर रोख असेल त्याच्या घरात काहीबाही घडायला लागतं. नारळ परत घ्यायचा तर ज्याने ठेवला त्यानेच. दुसऱ्या कुणी त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

आणि सरांच्या पगारावर रोख असणारी माणसं गावात थोडीथोडकी नव्हती. खाणी बंद पडल्यावर कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली, वर्ग ओस पडले. तेव्हा संस्थेने पेडण्याच्या कृष्णनाथांना आणून आपल्या सगळ्या शाळांचा प्रशासक केलं. मुख्याध्यापकांच्याही वरची ही नवी खुर्ची, आणि तिचा पगार ऐकून गावाने तोंडात बोट घातलं. पगार जायचा सरकारी अनुदानातून, म्हणजे लोकांच्याच पैशातून. सरांनी शाळा सावरल्या हेही तितकंच खरं. आडवाटेच्या वाड्यांपर्यंत बालरथाची, म्हणजे शाळेच्या मुलांसाठीची, बस नेली, मुलं परत आणली. पण केलेलं काम लोक विसरतात आणि पगार तेवढा लक्षात ठेवतात.

आता सरकारने मसुदा काढला होता की अनुदानित शाळांच्या प्रशासकांच्या पगाराला मर्यादा घालावी. लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी सोमवारी शाळेतच येणार होता. सर आठवडाभर सगळ्यांना पटवत होते की चांगला माणूस स्वस्तात मिळत नाही, मर्यादा घातली तर खेड्यातल्या शाळेकडे कुणी फिरकणार नाही. शिक्षकांच्या बैठकीत त्यांना आडवी गेली ती एकटी दिपाली. दोडामार्गाकडून येऊन इथे भाड्याने राहणारी, वर्षावर्षाच्या करारावर शिकवणारी. ती शांतपणे म्हणाली होती की एका खुर्चीच्या पगारात आमच्यासारखे कितीजण कायम झाले असते. तेव्हा सर हसले होते. गुरुवारी दुपारी त्यांना ते आठवलं, आणि नारळ कुणाचा हे त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

शुक्रवारी त्यांची मुलगी सायली साखळीच्या कॉलेजमधून येताना स्कूटरवरून घसरली. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. रस्त्यावर खडी होती, तिथे रोज कुणी ना कुणी पडतंच. पण सरांना खडी दिसेना, नारळच दिसत राहिला. शनिवारी विहिरीचा पंप जळला. रविवारी न्हाणीघरात साप निघाला, तीही साधी धामण. सर काठी घेऊन उभे राहिले ते उभेच, शेवटी जानकीने, त्यांच्या बायकोने, काठी घेतली आणि धामणीला हाकलून दिलं. तिने विचारलं, बरं वाटत नाही का? सरांनी पित्ताचं कारण सांगितलं. बायकोला घाबरवायचं कशाला? आधीच बिचारी चार दिवस गप्प गप्प होती.

त्या संध्याकाळी सर दिपालीच्या खोलीवर गेले. प्रशासक दारात उभा पाहून ती गोंधळली आणि खुर्चीवरचे कपडे उचलायला धावली. सर बसलेच नाहीत.

"दिपाली, तो नारळ परत घे," ते म्हणाले. "उद्या मी मर्यादेच्या बाजूने बोलतो. माझ्या पोरीला काही व्हायला नको."

दिपालीला आधी काही उलगडाच होईना. उलगडलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "सर, मला जे बोलायचं होतं ते मी तुमच्या तोंडावर बोलले. देवाकडे कशाला जाऊ?"

सरांचा विश्वास बसला नाही. भ्यालेल्या माणसाला नकारसुद्धा धमकीसारखा ऐकू येतो.

सोमवारी शाळेचं सभागृह भरलं. अधिकाऱ्याने सरांचं नाव पुकारलं. सर उठले, पाण्याचा घोट घेतला आणि कोरड्या आवाजात म्हणाले की मर्यादा घालावी. लोकांच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत एकाच्या ताटात तूप आणि दुसऱ्याच्या ताटात कोरडी भाकरी, हे बरं नाही. वाचलेला पैसा करारावरच्या शिक्षकांना द्यावा. सभागृहात टाळ्या पडल्या. संस्थेचे अध्यक्ष मात्र सरांकडे असे बघत राहिले, जणू घरच्याच माणसाने घर फोडलं. गंमत अशी की बोलता बोलता सरांना आपलं म्हणणं खरंसुद्धा वाटायला लागलं. दिपाली मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. टाळ्या तिने वाजवल्या नाहीत.

घरी पोहोचेपर्यंत छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता लपवायचं कारण नव्हतं. सरांनी जानकीला सगळं सांगितलं: नारळ, दिपाली, सभागृहातलं बोलणं. सांगताना थोडे हसलेसुद्धा.

जानकी हसली नाही. हातातलं तांदळाचं सूप तिने जमिनीवर ठेवलं.

"नारळ मी ठेवलोय," ती म्हणाली.

मग पदराला हात पुसत ती सांगू लागली.

"सायलीचा शेवटचा वरीस ऱ्हवलाहा. तुमचो पगार कमी झालो तर फी खंयसून भरतलो? माझ्या घोवाच्या पगाराक कोणी हात लावूक फावना, असां सांगून आयलंय मी. गाऱ्हाणां पुरां होयसर कोणाक सांगूचा नसता, म्हणान गप रवलंय." मग तिचा आवाज बारीक झाला. "आणि जो कोण आड येतलो त्येका तूच बघ, असांय म्हटलंय."

सरांनी पहिल्यांदा विचारलं ते सायलीबद्दल. तिचं नाव घेतलंस का? जानकीने नाही म्हणून मान हलवली. सरांना हायसं वाटलं, अगदी मनापासून. आणि मग आज सभागृहात त्या पगाराच्या आड कोण आलं हे त्यांच्या ध्यानात आलं. ते भिंतीला धरून खाली बसले.

"चल," ते म्हणाले, "आत्ताच परत घेऊया."

जानकीने पायात चपला घातल्या आणि ती उंबऱ्यातच थबकली. नारळ परत घेणं म्हणजे राखणदारापुढे उभं राहून आपल्या तोंडाने मागणं सोडणं. पगार गेला तर जाऊ दे, असं म्हणणं. सरकारचा निर्णय अजून व्हायचा होता, आणि नारळ जागेवर होता तोवर आशाही होती.

तिने आत पाहिलं. पलीकडच्या खोलीत सायली गुडघ्याला मलम लावत वाचत बसली होती.

"वरीसभर जरा सांभाळून ऱ्हवशात?" जानकीने हळूच विचारलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सरांनी तिच्या चपलांकडे पाहिलं. मग भिंतीवर अडकवलेली स्कूटरची चावी त्यांनी काढली आणि तिच्या हातात दिली. उद्यापासून मी शाळेत चालत जाईन, म्हणाले, रस्त्याच्या कडेकडेने.