नाव सांग

देवासच्या त्या घरात सकाळी पोहे भिजत होते आणि ऋजुता हळदीच्या डब्यापुढे उभी होती. हळद समोर दिसत होती, पण तिचं नाव काही केल्या जिभेवर येईना. "आई, ते... पिवळं..."

सासूबाईंनी, विनोदिनीबाईंनी, गरम उलथनं तिच्या मनगटावर हाणलं. "झालं परत शुरू! माझी सून अशी नव्हती. ही कोणी दुसरीच शिरलीय हिच्यात."

दीड वर्षापूर्वी बागलीच्या रस्त्यावर स्कूटर घसरून ऋजुताच्या डोक्याला मार लागला होता. शब्द उशिरा येतील, घाई करू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवरा मयुरेश कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, फळ्यावर मेंदूची सुरेख आकृती काढतो. त्याच मयुरेशने पुढच्याच अमावस्येला बायकोला गाडीत घातलं आणि टोंकखुर्दजवळ अंगात देव येणाऱ्या पडियाराकडे भूत उतरवायला नेलं. धन्य ते शिक्षण!

पडियाराने केस धरून तिला ओट्यावर आपटलं. "कुण है तू? नाम बता!"

नाव ऋजुताला ठाऊक होतं. पण कोणी ओरडलं की तोंडाशी आलेला शब्द मागे फिरायचा. ती गप्प राहिली, आणि तो भुताचा हट्ट ठरला. पडियाराच्या हातातली लोखंडी साखळी पाठीवर बसली. पुन्हा नाव विचारलं, पुन्हा साखळी. ब्लाउज फाटला, रक्त कमरेपर्यंत ओघळलं. तिचे हात मयुरेशने धरले होते.

"पकड़ के रखो, भिया," पडियार त्याला म्हणाला. "जिद्दी है."

"एकदा नाम बोल दे ना, ऋजू," मयुरेश रडत होता. "मला माझी पहलेवाली ऋजुता परत पाहिजे."

ते ऐकून तिने असा हिसडा दिला की तो उताणा पडला. खाली येणारी साखळी तिने मुठीत धरली. बोटं सोलली, तरी सोडली नाही.

"पहलेवाली... नाही येणार," ती म्हणाली. "मीही तिची खूप वाट पाहिली. आता बस. मार लागलाय, भूत नाही. मी अशीच आहे, आणि मीच आहे."

साखळी हिसकून घेऊन ती तशीच चालत पोलीस ठाण्यात गेली. मयुरेश मागून हाका मारत राहिला.

"नाम?" टेबलामागच्या हवालदाराने विचारलं.

"रुको. बताती हूँ. देर लगेगी."

त्याने उठून तिची पाठ पाहिली, पेन खाली ठेवलं आणि तो थांबला. मिनिटभराने ती म्हणाली, "ऋजुता."

एक मिनिट. दीड वर्षात तिच्या घरात ते कोणापाशीच नव्हतं. वाचकहो, तुमच्या घरात आहे?